भोवळ आलेल्या माणसाला सीट नको, आडवं करा

यात्रा आणि लग्नसराईचे दिवस आले की सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. प्रवासात कोणी भोवळ येऊन पडलं तर लगेच उठवून बसवा, कांदा नाहीतर चप्पल हुंगवा, तोंडात साखरपाणी घाला, डोळे उघडले की चार पावलं चालवा, दवाखान्याची गरज नाही. पाठवणाऱ्यांना मदतच करायची असते. पण यातल्या बहुतेक सूचनांनी माणसाला अपाय होऊ शकतो.

सगळ्यात घातक आहे ते बसवणं. वाईहून पाचगणीला निघालेली एसटी गच्च भरलेली आहे, माणूस बराच वेळ दांडीला धरून उभा आहे. रक्त पायांत साचतं, त्यात उकाडा आणि उपवासाचं रिकामं पोट. रक्तदाब एकदम खाली येतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि शुद्ध जाते. माणूस आडवा झाला की रक्त मेंदूकडे परततं, म्हणून बहुतेक जण मिनिट-दोन मिनिटांत आपोआप शुद्धीवर येतात. गर्दीत मात्र त्याला खाली पडायलाही जागा नसते. लोक काखेत हात घालून उभं धरतात, कोणीतरी आपली सीट देतं, आणि मान छातीवर लोंबकळते. मेंदूला रक्त पोचत नाही ते नाहीच, वर श्वासाची वाटही अडते. सीट देणाऱ्याचं मन मोठं, पण त्या घडीला दोन सीटांमधल्या वाटेवर जागा करून द्यावी. उताणं झोपवा, पाय पिशवीवर ठेवून फूटभर उंच करा, कॉलर-पट्टा सैल करा, खिडक्या उघडा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवा. गाडी घाटाच्या वळणावर नको, पुढे मोकळी जागा बघून थांबवायला सांगा.

कांद्या-चपलेने शुद्ध येत नाही. तो हुंगवेपर्यंत माणूस आडवा झालेला असतो, म्हणून तो जागा होतो आणि श्रेय कांद्याला जातं. भोवळीत काही सेकंद हातपाय झटकलेही जातात, त्यावरून फीट आली असं ठरवून दातांत चमचा घालू नका. दात तुटतात, जीभ फाटते.

साखरपाण्याबद्दल तर हात जोडून सांगतो, बेशुद्ध माणसाच्या तोंडात थेंबही घालू नका. त्याला गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जातं. पूर्ण शुद्ध आली, नीट बोलता-गिळता आलं, की मग घोट-घोट द्या. मधुमेही असेल तर तेव्हा साखर जरूर द्या. घाटात उलटी होतेच; तशी झाली तर लगेच कुशीवर वळवा.

लगेच चालवू नका. काही मिनिटं पडून राहू द्या, मग बसवा, मग उभं करा. घाई केली की तो पुन्हा कोसळतो, आणि या वेळी डोकं आपटतं.

‘दवाखान्याची गरज नाही’ हे वाक्य तर मेसेजमधून खोडूनच टाका. दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय, डोक्याला मार लागलाय, तर 108 ला फोन करा. पुणे-सातारा महामार्गावर असाल तर खंबाटकी घाटाच्या अलीकडे की पलीकडे आणि कोणत्या बाजूची गाडी, हे आधी सांगा. श्वास नीट चालत नसेल तर फोन स्पीकरवर टाकून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. आणि एप्रिल-मेमध्ये जत-आटपाडीकडे कोणाचं अंग तापून बरळणं सुरू झालं, तर ती साधी भोवळ नव्हे, उष्माघात आहे. 108 ला कळवा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत राहा.