गाडी येत नाही हा माझा गुन्हा

"आजी, ओळखपत्र म्हणून लायसन्स द्या ना, पटकन होईल." काउंटरवरचा मुलगा हे असं म्हणाला, जणू मी ते घरीच विसरून आले. अरे बाबा, मी आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. बस होती, पाय होते आणि गाडी चालवायला नवरा होता. ७६ वर्षांत कुणाला साधा धक्का लावला नाही, आणि आता मी म्हणजे मीच, हे पटवत दारोदार फिरायचं!

माझा थोरला भाऊ ८२ वर्षांचा आहे. गाडी कधीच विकली, समोरून आलेला माणूस आवाजावरून ओळखतो. पण लायसन्सची मुदत शिल्लक आहे, म्हणून तो कुठेही गेला की काम फत्ते. ते कार्ड सांगतं काय, तर या गृहस्थांना कधीकाळी गाडी चालवता येत होती. त्याचा आणि ओळखीचा काय संबंध?

बरं, पासपोर्ट आहे माझा. पण मुदत संपलेला. मुदत प्रवासाची संपली ना? नाव, जन्मतारीख, जन्मगाव, हे काय दुधासारखं नासतं का?

मग पत्त्याचा पुरावा मागितला. लाइटबिल यांच्या नावावर, ते जाऊन चार वर्षं झाली. फोनचं बिल मुलाच्या नावावर, तेही ईमेलवर येतं. प्रिंट काढून नेली तर म्हणे "ओरिजिनल लागेल." ईमेलचं ओरिजिनल कुठून आणू? जन्माच्या दाखल्यावर माहेरचं नाव, बाकी सगळीकडे सासरचं. दोन्ही जोडायला लग्नाचा दाखला हवा. आमच्या लग्नाला तीनशे माणसं जेवली, दाखला मात्र कुणी काढला नाही. कुणाला वाटलं होतं, पन्नास वर्षांनी एक पोरगा विचारेल म्हणून!

फोटोची तर वेगळीच तऱ्हा. हसू नका, तोंड मिटा, चष्मा काढा. पासपोर्टच्या फोटोत चेहरा केवढा हवा, हे मला आता पाठ झालंय. फोटोत दिसते ती बाई मलाच ओळखू येत नाही, तर तुम्ही काय ओळखणार?

आणि बोटांचे ठसे! यंत्रावर अंगठा दाबला, पुसला, परत दाबला. "येत नाहीये आजी, जरा जोरात." वयाबरोबर कातडी कोरडी पडते, बोटांवरच्या रेषा उथळ होतात, हे यंत्र बनवणाऱ्यांना माहीत नसेल का? त्यात माझी बोटं जन्मभर भांडी घासून झिजलेली. मागे रांगेतले लोक सुस्कारे सोडतायत आणि मी आपली चोरासारखी दहाही बोटं पुढे करून उभी.

त्या मुलावर माझा राग नाही, हं. त्याने पाणी विचारलं, खुर्ची दिली. राग आहे तो ज्याने हा फॉर्म बनवला त्याच्यावर. तो नक्की स्वतःच्या गाडीने ऑफिसला येत असणार.

काल मुलाच्या मोबाइलवर मेसेज आला, मंगळवारी अकरा वाजता परत बोलावलंय. खाली बारीक अक्षरात सूचना आहे: येताना वैध फोटो ओळखपत्र सोबत आणावे.