रिजवेवर ३५ मिमी टायर पुरेल?

एका लेखात इंग्लंडमधल्या रिजवे या खडूच्या जमिनीवरच्या लांब कच्च्या वाटेवर सायकल चालवायला ३५ मिमी रुंद टायर आणि ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा सुचवली आहे. कोरड्या उन्हाळ्यात चालून जाईल. पण पाऊस पडला की खडूच्या दगडावर साबण फासल्यासारखा बुळबुळीत थर येतो आणि कडक टायर हमखास घसरतो, त्यातही चाकोरीची कड तिरकी ओलांडताना. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाने ४० ते ४५ मिमी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर घेऊन ३० ते ३५ पीएसआय ठेवावं.

खरी डोकेदुखी खडूतल्या चकमकीच्या दगडांची. त्यांची फुटलेली धार टायरची बाजू ब्लेडसारखी चिरते. तिथली लांब चीर सीलंटने (टायरमधल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाने) बुजत नाही, प्लगही (भोकात खुपसायची रबरी पट्टी) नीट धरत नाही. जुन्या टायरचा ५ सेंमी तुकडा आतून लावायला आणि एक ट्यूब सोबत हवीच. ट्यूब घालण्याआधी आतून बोट फिरवून (जपून!) कपच्या काढा.

आणि हो, टेम्स नदीच्या पूर्वेला रिजवेचे काही तुकडे फक्त पादचाऱ्यांसाठी आहेत. जीपीएक्स फाइलवर (जीपीएससाठीच्या मार्गाच्या नोंदीवर) डोळे मिटून विसंबू नका. लांब पल्ला हवा तर विंचेस्टर ते ईस्टबोर्न ही साउथ डाउन्स वे नावाची वाट आहे, सुमारे १६० किमी. शेवटी मात्र समुद्रकाठचे सेव्हन सिस्टर्सचे कडे सोडून आल्फ्रिस्टन गावाहून आतला फाटा धरावा लागतो.