रकाना सहावा

माझी एक मैत्रीण पोषणशास्त्रात एमएस्सी करते. एमएस्सीवाली माणसं एरवी निरुपद्रवी असतात, पण शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट लागला की ती ओळखीच्यांकडे सॅम्पल म्हणून बघायला लागतात. तिचा विषय होता विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या खाण्याच्या सवयी. एक आखलेली वही माझ्या हातात ठेवून म्हणाली, "7 दिवस. तोंडात जाईल ते सगळं लिहायचं."

"टूथपेस्टसुद्धा?"

"गिळतोस?"

यावर मी क्षणभर विचारात पडलो. सॅम्पल चुकलंय हे तिला तिथेच कळायला हवं होतं.

वहीत सहा रकाने: किती वाजता, काय, किती, कुठे, कोणासोबत आणि शेवटी भूक किती होती, 1 ते 10. मला वाटलं, यात काय कठीण? खातोच तर आपण. लिहायचं फक्त.

पहिल्याच सकाळी अडलं. होस्टेलच्या मेसमध्ये नाश्ता 8 ते 9 आणि पहिलं लेक्चर 9 वाजता. मध्ये आंघोळही असते. तिन्हींतलं एकच जमतं. कोणतं जमत नाही, हे वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्याला विचारा. मी 'चहा' लिहिलं, 'कुठे'च्या खाली 'जिन्यात' लिहिलं. मग 'काय'मध्ये 'बिस्किटं' आणि 'किती'मध्ये '2'. हे अगदीच खोटं नव्हतं. पुड्यात 2 उरली होती.

मैत्रिणीला या थापांचं काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, शास्त्राला हे केव्हाचं माहीत आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड समस्थानिक असलेलं पाणी लोकांना प्यायला देतात, मग लघवीचे नमुने तपासून शरीराने प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च केली ते काढतात. त्याच्याशी वहीतलं खाणं ताडून पाहिलं की वही बहुतेक वेळा कमीच भरते. जिला मार्क नाहीत, जी कोणी घरी दाखवणार नाही, त्या वहीशीही माणसं लपवाछपवी करतात! ऐकून मला फार आपलेपणा वाटला.

खरा घोळ सहाव्या रकान्याने घातला. तोवर माझी समजूत अशी, की भूक लागते म्हणून मी खातो. तीन दिवसांच्या नोंदी भलतंच सांगत होत्या. मंगळवार दुपार, मेस: भूक 3. गेलो, कारण सगळे निघाले. मंगळवार संध्याकाळ, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक: भूक 1. वाढदिवस कोणाचा होता ते अजून कळलेलं नाही. बुधवार, घरून आलेला खाऊ (रूममेटच्या घरून): भूक 2, पण रूममेट अंघोळीला गेला होता. 9 हा आकडा पूर्ण आठवड्यात चारदा आला, आणि चारही वेळा मी नुकती असाइनमेंटची फाइल उघडली होती. फाइल मिटली की तासभर भुकेचं नाव नाही.

यावर माझं उत्तर तयार होतं. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीच्या वेळची सुमारे 20 टक्के ऊर्जा तोच खातो. अभ्यास म्हणजे अंगमेहनतच की!

"तेवढी तो नुसतं बसलं तरी खातो," ती म्हणाली. "विचार केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. आणि तू तर..." वाक्य तिने सोडून दिलं. स्वभावाने चांगली आहे.

गुरुवारची रात्र मात्र मी प्रामाणिकपणे लिहिली. दीड वाजला होता, दुसऱ्या दिवशी सबमिशन. खोलीत 2 पाकिटं नूडल्स होत्या. मोमोफुकु आंदो यांनी 1958 साली जपानमध्ये इन्स्टंट नूडल्स बाजारात आणल्या. युद्धानंतरची उपासमार त्यांनी पाहिली होती. होस्टेलची पाहिली असती तर पाकीट उघडताना आवाज होणार नाही, एवढी सोय त्यांनी नक्की केली असती. मी ते पांघरुणाखाली उघडलं. किटलीत पाणी आधीच तापलं होतं. किटलीत पाण्याखेरीज काही शिजवायला बंदी आहे, म्हणून मी नूडल्स मोडून बारीक केल्या, जणू त्याने गुन्हाही बारीक होणार होता. एका मिनिटात फेस वर आला, झाकण उचललं गेलं, पिवळा ओघळ टेबलावर आला आणि वास दाराच्या फटीतून कॉरिडॉरमध्ये गेला.

पाच जण आले. चौघांच्या हातात चमचा होता. पाचव्याने मोजपट्टी आणली होती. सगळ्यांना "एकच घास" हवा होता. आता 'किती' या रकान्यात काय लिहू? 2 पाकिटं, सहा माणसं, पण ज्याचा चमचा खोल त्याचं राज्य. माणूस चारचौघांत एकट्यापेक्षा जास्त खातो, असं मैत्रीण सांगते. होस्टेलमध्ये जास्त नाही, लवकर खातो. तळाचं पाणी कोणी प्यावं यावर वाद झाला, तो मोजपट्टीवाला जिंकला.

दुसऱ्या दिवशी ही नोंद वाचून तिने विचारलं, "या आठवड्यात रोज झोप किती झाली?" मी चार तास सांगितले. तिचे डोळेच चमकले. 2004 साली 12 निरोगी तरुणांवर प्रयोग झाला होता म्हणे. दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर भूक चाळवणारं घ्रेलिन 28 टक्के वाढलं, 'पुरे' सांगणारं लेप्टिन 18 टक्के घटलं, आणि त्यांना गोड, खारट, पिठूळ असलंच खावंसं वाटू लागलं. म्हणजे दोष माझा नव्हता, हार्मोनचा होता. मी तिला हे लेखी मागितलं.

रविवारी वही परत केली. तिने कॅलरींची बेरीज केली, परत केली आणि म्हणाली, "या हिशेबाने तू मंगळवारीच चक्कर येऊन पडायला हवा होतास."

"अशक्तपणा आहेच," मी म्हणालो.

तिने पान उलटलं. शुक्रवारच्या पानावर नोंद एकच होती, 'पाणी'. त्या नोंदीभोवती किटलीच्या बुडाएवढं तेलकट पिवळं वर्तुळ उमटलं होतं. वही टेबलावर होती आणि शुक्रवारी रात्रीही गरम किटली कशावर तरी ठेवायलाच लागते. तिने पान उजेडाकडे धरलं, वास घेतला, 'पाणी' खोडलं आणि सहाव्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात 9 लिहिलं.

मग हळूच विचारलं, "एखादं पाकीट उरलंय?"