पाच शाकू, आठ सुन

ओकायामाच्या डोंगराळ भागातील एका रिकाम्या लाकडी घराचा मी मालक झालो, याला सिंहगड रस्त्यावरचे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान काही अंशी जबाबदार आहे. ओकायामातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेल्या त्या उद्यानात कॉलेजची वर्षे घालवल्यामुळे जपान म्हणजे कातरलेली हिरवळ आणि नितळ तळे, अशी माझी समजूत झाली होती. प्रत्यक्षात मला जे घर मिळाले, त्याच्या अंगणातील गवत छातीला लागत होते आणि तळे स्वयंपाकघरात होते.

२०२३ च्या सरकारी पाहणीनुसार जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे रिकामी आहेत. त्यांच्या याद्या ठिकठिकाणच्या नगरपालिका ‘आकिया बँक’ या नावाने ठेवतात. या बँकेत पैसे ठेवता येत नाहीत, फक्त बुडवता येतात.

पहिल्याच दिवशी मी वृद्ध सुतारकाकांना नम्रपणे म्हणालो, की घराचा मान राखून दुरुस्ती करू या. हे वाक्य मी शिष्टाचार म्हणून बोललो होतो; त्यांनी ते करारनामा म्हणून ऐकले. जुन्या पद्धतीप्रमाणे घराचे खांब नुसत्या दगडांवर टेकलेले होते आणि त्यांपैकी तिघांचे पाय कुजले होते. सिमेंट ओतून मोकळे व्हावे, असे मी सुचवताच काकांनी दातांमधून हवा आत ओढली आणि ते म्हणाले, ‘चोत्तो...’ या शब्दाचा अर्थ ‘थोडेसे’ असा असला, तरी वाक्य तिथेच सोडून दिले की त्याचा अर्थ ‘तुमच्या हयातीत नाही’ असा होतो. मग अख्खे घर जॅकवर उचलून, कुजलेला भाग कापून, एकही खिळा न मारता नव्या लाकडाचा पाय खाचेत खाच बसवून जोडण्यात आला. खर्चाचा आकडा ऐकून माझे स्वतःचे पाय मात्र तसेच लटपटत राहिले. चुलाण्याच्या धुराने काळ्या झालेल्या तुळया घासायलाही मला मनाई होती, कारण त्या धुरामुळेच लाकूड किडीपासून वाचले होते.

भिंती बांबूच्या जाळीवर माती थापलेल्या होत्या. आमच्या आजोळी, गुहागरला, अशाच कुडाच्या भिंती होत्या, हे मी अभिमानाने सांगितले आणि त्याच क्षणी चिखल तुडवण्यावर माझी नेमणूक झाली. जुनी माती फेकायची नसते. ती फोडून, भिजवून, तिच्यात भाताचा पेंढा घालून कुजत ठेवायची असते. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या आजी मुळे घेऊन आल्या आणि ‘फार कष्टाचे काम चालले आहे,’ असे म्हणाल्या. वास त्यांच्या घरापर्यंत पोहोचला आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

आधीच्या कुटुंबाचा देव्हारा आतल्या खोलीत तसाच राहिला होता. भिख्खूंनी येऊन विधी केल्याशिवाय काका त्याला हात लावेनात. ती आपली उत्तरपूजाच होती, इतकी की दक्षिणा किती द्यायची असे विचारल्यावर भिख्खूही ‘मनाला येईल ते’ असेच म्हणाले आणि माझ्या घशाला तीच जुनी, ओळखीची कोरड पडली.

राहता राहिली दारावरची आडवी पट्टी. ती जमिनीपासून पाच शाकू आठ सुन, म्हणजे सुमारे १७६ सेंटिमीटर उंचीवर आहे आणि मी १७८ आहे. (हे माप फोनवर ऐकून आई म्हणाली, ‘आठ सुना राहू देत, आधी एक तरी आण.’) दिवसातून चार वेळा मी त्या पट्टीवर आपटत असे. एके सकाळी पाहतो, तर काकांनी तिच्यावर स्वच्छ पांढऱ्या कापडाची जाड घडी नेटकेपणाने बांधलेली. मी गहिवरून कमरेत वाकलो आणि माझ्या कपाळाची एवढी काळजी घेतल्याबद्दल त्यांचे आभार मानले.

काका संकोचले. मग पट्टीवरून हळुवार हात फिरवत म्हणाले, ‘तुमच्या केसांच्या तेलाचा लाकडावर डाग पडू लागला होता.’