रजिस्ट्रीने दुकान मिळते, भाडेकरार संपत नाही

नागपुरात भाडेकरूंसह दुकानगाळे विकत घेऊ पाहणाऱ्यांना हल्ली एक संदेश हमखास येतो. त्याचा आशय असा : विक्रीपत्राची नोंदणी झाली की जुने भाडेकरार आपोआप संपतात, पंधरा दिवसांची नोटीस देऊन गाळे रिकामे करून घ्यावेत किंवा बाजारभावाने नवे भाडे लावावे, अनामत जुन्या मालकाने परत करायची, मागची थकबाकी मात्र नव्या मालकाने वसूल करायची, आणि नोंदणी नसलेल्या कराराला काडीचीही किंमत नाही. यांतले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही, आणि त्यावर विसंबून किंमत ठरवणारा खरेदीदार पहिल्याच वर्षी अडचणीत येतो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०९ नुसार खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी उभा राहतो. भाडे घेण्याचा हक्क त्याला मिळतो तो चालू करारासकट. कराराची चार वर्षे उरली असतील तर ती चार वर्षे त्यालाही बांधतात. त्यासाठी भाडेकरूची नव्याने संमती लागत नाही, तसेच नव्या करारावर सही करण्याचे बंधनही भाडेकरूवर नाही.

पंधरा दिवसांचा आकडा हवेतून आलेला नाही. मासिक भाडेपट्टा संपवण्यासाठी याच अधिनियमाच्या कलम १०६ मध्ये तेवढी मुदत सांगितली आहे. पण सीताबर्डी, इतवारी किंवा महालातल्या सामान्य दुकानदाराला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण आहे आणि तिथे नुसत्या नोटिशीने काहीच साधत नाही. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याआधी विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालत असे, आणि करार संपवण्याची नोटीस देण्यापूर्वी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यावी लागे. जुन्या फायलींत ते परवानगीचे कागद सापडतात ते त्यामुळेच. आता परवानगीचा टप्पा नाही, मात्र कलम १६ मधील एखादे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते : पोटभाडेकरू ठेवणे, सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा न वापरणे, मालकाची स्वतःची रास्त गरज वगैरे. गरज सिद्ध झाली तरी जागा गेल्याने अधिक हाल कोणाचे होतील, हे न्यायालय तोलून पाहते. भाडे थकले असेल तर लेखी मागणीनंतर ९० दिवस थांबल्याशिवाय दावाच लावता येत नाही.

संदेशाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. भाडेकरू बँक असेल, किंवा एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेली कंपनी असेल, तर कलम ३ मुळे हे संरक्षण तिला मिळत नाही. तिथेही ठरलेली मुदत पाळावीच लागते, पण ती संपल्यावर खरेदीदाराचा हात मोकळा असतो. म्हणजे एकाच इमारतीतल्या दोन शेजारी गाळ्यांना दोन वेगळे कायदे लागू होऊ शकतात.

बाजारभावाबद्दल थोडक्यात : संरक्षित भाडेकरूचे भाडे मालकाला कलम ११ नुसार वर्षाला ४ टक्के वाढवता येते. कर आणि दुरुस्तीखर्चाच्या तरतुदी वेगळ्या आहेत. बाकी वाढ परस्पर संमतीने.

थकबाकीचे विधान तर सरळ उलटे आहे. कलम १०९ म्हणते की हस्तांतरणापूर्वी थकलेले भाडे केवळ हस्तांतरणामुळे खरेदीदाराचे होत नाही; ते हवे असेल तर विक्रीपत्रात तसे लिहून घ्यावे लागते. विक्रीनंतरच्या भाड्यातही एक मेख आहे. इतवारीतल्या एका व्यवहारात नवा मालक तीन महिन्यांच्या थकबाकीसाठी दावा लावायला निघाला होता. किराणा दुकानदाराने गल्ल्याखालून रबरबँड लावलेला पावत्यांचा गठ्ठा काढला, तर त्या तिन्ही महिन्यांच्या पावत्या जुन्या मालकाच्या सहीच्या निघाल्या. विक्रीची कल्पना त्याला कोणी दिलीच नव्हती, आणि अशा भाडेकरूकडून तेच भाडे पुन्हा मागता येत नाही. मग ती वसुली विकणाऱ्याकडूनच करावी लागली. रजिस्ट्रीच्याच आठवड्यात इंडेक्स टूची (विक्रीच्या नोंदणीच्या उताऱ्याची) प्रत जोडून प्रत्येक गाळ्यावर पोचदेय डाकेने पत्र पाठवले असते, तर हे टळले असते.

अनामतीचा भार निव्वळ जुन्या मालकावर टाकून खरेदीदार निर्धास्त राहू शकत नाही. विक्री झाली म्हणून जुना मालक सुटत नाही हे खरे; पण भाडेकरूने नव्या मालकाला मालक मानले की करारातल्या जबाबदाऱ्याही त्याच्याकडे येतात. सर्व अनामती मोजून तेवढी रक्कम किमतीतून वजा करणे आणि तसे विक्रीपत्रात नमूद करणे, हाच व्यवहारी मार्ग.

राहिला नोंदणी नसलेला करार. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि न नोंदवल्यास शिक्षाही मालकालाच आहे. वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. म्हणून इसार देण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूकडून मासिक भाडे, अनामत, मुदत आणि कोणत्या महिन्यापर्यंतचे भाडे दिले आहे, एवढे चार तपशील लिहिलेला सहीचा कागद घ्यावा, आणि तो विकणाऱ्याच्या पावतीपुस्तकातल्या स्थळप्रतींशी ताडून पाहावा.