मत्तयाचा २३वा अध्याय पुढेही वाचा

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, शास्त्री-परूशी (त्या काळचे यहुदी धर्मशिक्षक) मोशेच्या आसनावर, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र शिकवायच्या जागी बसलेत, ते सांगतील ते पाळा. मी वाचलेल्या एका लेखात या वचनावरून लेखकाने धर्मगुरूंना प्रश्नच विचारू नयेत असा अर्थ काढलाय. मला तो मुळीच पटत नाही. त्याच दमात येशू बजावतो की त्यांच्यासारखं वागू नका. पुढे २३व्या वचनात तर पुदिना, शेपू, जिऱ्याचाही दशांश (देवासाठीचा दहावा भाग) मोजून देणाऱ्यांना तो खडसावतो, की न्याय, दया आणि विश्वास मात्र तुम्ही सोडून दिलात. दशांश बंद करा असंही म्हणत नाही, हे विशेष! आणि येशूचा शिष्य पेत्र, त्याचं काय? बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय ५. यहुदी न्यायसभेने येशूच्या नावाने शिकवायला मनाई केली तरी माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे असं त्याने तोंडावर सांगितलं, फटके खाल्ले आणि मंदिरात रोज शिकवणं चालूच ठेवलं. लेखात याचा उल्लेखही नसावा?