'आइनो' नावावरच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

'आइनो' या फिनिश नावावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, हे नाव प्राचीन नाही, एका डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात ते जुळवलं. दोन, पाण्यात जीव दिलेल्या मुलीचं नाव लेकीला ठेवायला सुचवणं बरं नव्हे.

पहिल्या मुद्द्यावर आपलं भांडणच नाही. डॉक्टर एलियास लोनरूट यांनी लोकगीतं गोळा करून 'कालेवाला' हे महाकाव्य रचलं, आणि आइनोची कथा आपल्याला त्याच्या १८४९च्या आवृत्तीतून माहीत आहे. मूळ गीतांत मुलीचं नाव बहुतेक वेळा आन्नी असतं. 'आइनो' हे तिचं विशेषण, म्हणजे एकुलती एक. लोनरूट यांनी त्या विशेषणाचंच नाव केलं. तेव्हा शब्द गाणाऱ्या बायाबापड्यांचाच आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला मनापासून खटकला. आइनो का बुडते, ते तुम्ही सोडून दिलंत. तिचा भाऊ योउकाहाइनेन गाण्याच्या सामन्यात वायनामोइनेन या महाकाव्याच्या म्हाताऱ्या नायकाकडून हरतो आणि स्वतःचा जीव वाचवायला त्याला बायको म्हणून बहीण देऊन टाकतो. आई तर हरखूनच जाते, असा नामवंत जावई मिळतोय म्हणून! रडणाऱ्या पोरीला ती समजावते: वर्षभर लोणी खा, अंगाने भरशील, पुढच्या वर्षी डुकराचं मांस खा, कोठारातली उत्तम पेटी उघड, दागिने घाल. पोरीला काय हवंय, हे कुणीही विचारत नाही. पोर बुडाल्यावर तीच आई इतर आयांना विनवते, की लेकींना मनाविरुद्ध नवऱ्याघरी धाडू नका. पुढे आइनो मासा होऊन वायनामोइनेनच्या गळाला लागते, तो सुरी काढतो तेव्हा निसटते आणि आपण कोण होतो ते त्याला ठणकावून सांगते. अशा मुलीला मी अपशकुनी म्हणणार नाही.

फिनलंडच्या आईबापांनीही म्हटलं नाही. देश १८०९पर्यंत स्वीडनकडे, मग १९१७पर्यंत रशियाच्या झारकडे. शिकल्यासवरल्या घरांत बोलणं स्वीडिशमध्ये. त्या काळात लेकीला फिनिश नाव ठेवणं म्हणजे आपण कुणाच्या बाजूचे ते उघड सांगणं होतं. १८७१ साली यार्नेफेल्ट घराण्यात जन्मलेली आइनो पुढे संगीतकार सिबेलिउस यांची पत्नी झाली. त्यांच्या घराचं नावच 'आइनोला'. ऑपेरा गायिका आइनो आक्ते १८७६ची. १८९४ला जन्मलेल्या वास्तुरचनाकार आइनो आल्तो यांचे १९३२चे वलयांकित काचेचे पेले तर आजही विकले जातात.

तेव्हा माझा सल्ला कायम आहे. नाव आवडलं असेल तर खुशाल ठेवा, आणि मुलगी मोठी झाली की तिला गोष्ट पूर्ण सांगा, माशाच्या प्रसंगापर्यंत. फिनिश पंचांगात आइनोचा नामदिन, म्हणजे हे नाव असलेल्यांचा खास दिवस, १० मे आहे.